मालनकाकूंची पिवळी कण्हेर

माळव्यात धारला आमच्या भिंतीला भिंत लागून मालनकाकू राहत. रोज सकाळी त्या अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीचं फूल न् फूल खुडून महादेवाला वाहत. झाडावर एकही ठेवत नसत. आळीतल्या बायका म्हणत, काय ही भक्ती! भक्ती कसली, भीती होती ती. माझ्या आईला ते ठाऊक होतं, तिच्याकडून मला कळलं.

काकूंना बरीच वर्षं मूल नव्हतं. एकोणीसशे चार-पाचच्या सुमारास त्यांनी महादेवाला नवस बोलला: मूल दे, स्वतः लावलेल्या झाडाची फुलं जन्मभर वाहीन. बागलीच्या नातलगांकडून कण्हेरीच्या बिया आणून त्यांनी पेरल्या. देवाला चालणारं झाड वाईट असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. रोप भराभर वाढलं, अरुंद तुकतुकीत पानांतून घंटेसारखी पिवळी फुलं लोंबू लागली. त्याच वर्षी काकूंना मुलगी झाली, बकुळा.

ती रांगायला लागली तेव्हा शेजारची शेळी अंगणात शिरली आणि खाली पडलेली फळं खाऊन तिथंच मरून पडली. शेळीवाली दारात येऊन ओरडली, "बई, थारा झाड ने म्हारी बकरी मारी नाखी!"

काकूंचे यजमान गोपाळराव दरबारच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी एक फळ फोडलं. आत कठीण, तिकोनी बी. "अगं, ही बिट्टी. हिच्या बियांनी माणूस मरतो. उद्याच तोडून टाकतो."

"हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "नवसाचं झाड आहे. तोडलं तर देव दिलेलं परत नेईल."

झालं! झाड ठेवावं तर विष, तोडावं तर देवाचा कोप, आणि मध्ये दिसेल ते तोंडात घालणारी पोर. काकूंनी मग उपाय काढला. फूलच उरलं नाही तर फळ कुठून धरणार? शिवाय देवाला दाखवल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, हे त्यांनी बकुळाच्या अंगी चापट्या मारमारून बाणवलं. त्या चापट्या आमच्या घरात ऐकू येत.

बकुळा चार वर्षांची असताना काकूंचे सासरे देवासला वारले. सुतकात देवाच्या झाडाला शिवायचं कसं? काकू ओसरीवर बसून नुसत्या बघत राहिल्या. फुलं उमलत होती, गळत होती. मला आजही त्यांचा राग येतो. देवाला वाहू नका, पण खुडून फेकायला काय हरकत होती? सुतक फिटलं, खुडणं पुन्हा सुरू झालं. पानांआड धरलेली फळं मात्र राहून गेली.

पुढे एका दुपारी काकू अंगणात आल्या, तर झाडाखाली बकुळाची भातुकली मांडलेली. बाहुलीपुढे इवलंसं ताट, ताटात दगडानं ठेचलेलं हिरवं फळ. पोरीची बोटं पांढऱ्या चिकानं भरलेली. काकूंनी तिचा जबडा उघडून आत बोट फिरवलं.

"खाल्लंस? बोल, खाल्लंस?"

"नाही गं आई. नैवेद्य दाखवलाय. देव जेवला की मग आपण."

काकूंनी तिचे हात राखेनं घासून धुतले, तिला माझ्या आईच्या कडेवर दिलं आणि कुऱ्हाड उचलली. गोपाळराव येईपर्यंत थांबल्या नाहीत. दर घावाला चीक उडत होता. त्यांच्या हातांवर फोड उठले, तरी मुळं खणून काढूनच त्या उठल्या.

तेव्हापासून देव कधी पोर मागायला येतो याची त्या वाट पाहत राहिल्या. बकुळाला साधी कणकण आली तरी त्यांचा जीव उडून जाई. बकुळाचं लग्न झालं, ती देवासला नांदायला गेली, तिला मुलं झाली. काकूंची भीती काही गेली नाही. तिकडून कोणी आलं की त्या आधी त्याचा चेहरा निरखत, मगच पाणी देत.

शेवटच्या आजारात माझी आई उशाशी बसली होती. बकुळा पायांना तेल लावत होती. काकूंनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि आईचा हात धरला.

"आधी मीच चालले ना?" त्या म्हणाल्या. "मग सुटली गं माझी पोर."

इतकं मोकळं हसताना आईनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.