हेलियममधला संसार

साऱ्या कुलाबा जिल्ह्यात इलेक्ट्रॉनचा स्वभाव ओळखून असलेला माणूस एकच होता, आणि तो माझा मावसभाऊ होता. मोरा बंदरातून लाँचने मुंबईला जाऊन दादा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवी आणि उरलेला जन्म हेलियमच्या अणूत घालवी. त्या अणूत इलेक्ट्रॉन दोनच; पण त्यांच्याविषयी तो सोयरिक जमवणाऱ्याच्या जिव्हाळ्याने बोले. धक्क्यावर कोणी "बरं हाय ना, दादा?" विचारलं, की हा सुरू, "दोघं एकमेकांना चुकवतात हो!" आपल्या घरच्या सुनांचं भांडण याला कुठून कळलं म्हणून विचारणारा चपापे.

दादाचं म्हणणं असं, की जुन्या हिशेबात एका इलेक्ट्रॉनसाठी दुसरा धुरासारखा घरभर पसरलेला धरतात. खरं तर दोघं एकमेकांवर नजर ठेवून असतात. हा इकडे, तर तो तिकडे. या चुकवाचुकवीत त्यांची धावपळ किंचित वाढते, आणि कुठला वेग किती वेळा सापडेल याचं सगळं गणितच बदलतं. तेवढ्या किंचितसाठी तो हाताने फिरवायचं गणितयंत्र रविवारभर फिरवी. त्याची घरघर ऐकून नव्या शेजारणी दळण घेऊन येत.

एकदा जुनी पद्धत त्याने घरीच करून पाहिली. वहिनीकडे न बघता, ती सगळीकडे थोडीथोडी आहे असं धरून तो एका खोलीच्या घरात फिरू लागला आणि कढत कालवण घेऊन येणाऱ्या तिच्यावरच आदळला. भाजलं का, हे विचारायचं सोडून गृहस्थ ओरडला, "बघ! जुनी पद्धत चुकतेच!"

"मंग तुमी त्या दोगांचाच संसार करा," म्हणत वहिनी करंज्याला माहेरी गेली. ती परत यायचं लक्षण दिसेना. "शांतता आहे, काम होतं," असं दादा सांगे. पण यंत्राची घरघर मात्र थांबली होती.

मी गेलो तेव्हा तो चहाचं भांडं घेऊन चुलीकडून वळला आणि रिकाम्या खोलीत भिंतीला चिकटून उभा राहिला. वहिनीला वाट द्यायला. "सवय," तो ओशाळून म्हणाला आणि चहात साखर घालायची विसरला.

मी तडक करंज्याला जाऊन जे पाहिलं ते वहिनीला सांगितलं. ती कोलंबी सोलत होती. "घरान कोन नसताना पन सरकतान?" तिने विचारलं, हात धुतले आणि माझ्याबरोबर निघाली.

ती आत शिरली तसा दादा पुन्हा भिंतीला चिकटला. वहिनी मात्र पुढे गेली नाही. त्याच्यासमोरच उभी राहिली.

"आता बगा मजकडं," म्हणाली. आणि दादाने बघितलं.

दोघंही आता नाहीत. हेलियमचं गणित पुढे कोणी पुरं केलं, मला ठाऊक नाही. पण अरुंद स्वयंपाकघरात चहा घेऊन वळताना मी अजून भिंतीकडे सरकतो, आणि मला त्या दोघांची फार आठवण येते.