वाखाच्या गाद्या

लातूरला ज्या क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचे, तो हॉल आधी तुरीचं गोदाम होता. वर पत्रे, चारी बाजूंनी गुळगुळीत सिमेंट, खाली फरशी आणि आत अडीचशे पोरं. मी एक वाक्य बोलले की ते मागच्या भिंतीवर आपटून परत यायचं आणि माझ्याच पुढच्या वाक्यावर चढायचं. पहिल्या चार रांगांना मी कळायचे. बाकीच्यांना नुसतं घुमणं.

त्यात बसायची जागा मार्कांवर ठरायची. दर रविवारी टेस्ट, सोमवारी दारावर नवी यादी. ज्याला ऐकू येत नाही त्याला मार्क कमी, मार्क कमी म्हणून तो आणखी मागे, आणि मागे तर काहीच ऐकू येत नाही. ही पद्धत ज्यानं काढली, त्या आमच्या मालकाच्या गळ्यात गावोगावचे लोक हार घालत होते. आज हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

देवणीकडची एक मुलगी पहिल्या महिन्यात पाचव्या रांगेत होती. दिवाळीपर्यंत ती शेवटच्या बाकावर गेली. सारखी शेजारणीच्या वहीत बघायची. एकदा मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"लक्ष कुठं असतं गं तुझं?"

"मॅडम, तुम्ही सहा म्हणालात का दहा, तेच कळंना."

पोरं हसली. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही, कारण तास संपल्यावर मी एका सहकाऱ्याला फळ्यापाशी बोलायला सांगितलं आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसले. सहा-दहा सोडाच, तो मराठी बोलतोय की इंग्रजी, हेसुद्धा मला नीट कळलं नाही.

मी मालकाकडे गेले. ते म्हणाले, "एवढंच ना? मोठे स्पीकर लावू." चार स्पीकर आले. घुमणं चौपट झालं.

भूकंपात आमचं गाव पडलं तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर दोन वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. वाऱ्यानं पत्रा धडधडला की आई आम्हा भावंडांना ओढत बाहेर पळायची. दोर वळणं हे आमच्या घरचं काम. आमच्या दोरांशिवाय गावातली मोट चालली नाही की बैल बांधला गेला नाही, तरी आमची वस्ती गावाबाहेरच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंबाडी पाण्यात कुजवून, सोलून काढलेला वाख गोणपाटात भरला, त्याच्या जाड गाद्या शिवल्या आणि पत्र्याला आतून बांधल्या. धडधड दबली. आत बोललेलं स्वच्छ ऐकू यायला लागलं. आईचं पळणं थांबलं.

ते सगळं आठवलं आणि मी अण्णांना विचारलं, "एवढ्या मोठ्या हॉलला जमंल का?"

"भिंत किती लांब हाय, ते सांग."

अण्णांनी महिनाभर काम केलं. वाख पिंजून मोकळा करायचा, दाबून भरायचा नाही, हे त्यांना हातानंच माहीत होतं. धाग्यांच्या फटींतून शिरलेला आवाज आतल्या आत जिरतो, हे मी पुस्तकात वाचलेलं. आग लागू नये म्हणून तो तुरटी आणि टाकणखाराच्या पाण्यात भिजवून वाळवला. गाद्या लाकडी चौकटीत ताणल्या. भिंत आणि गादी यांच्यात चार बोटं जागा सोडली, त्यानं जाड आवाजही बराच धरला जातो. मालकाला विचारलं तेव्हा ते फोनवर होते. "करा, करा," म्हणाले.

सोमवारी मी बोलायला लागले आणि मलाच माझा आवाज परका वाटला, इतका तो स्वच्छ होता. स्पीकर बंद केले. अर्ध्या तासानं शेवटच्या बाकावरून देवणीच्या त्या मुलीनं हात वर केला आणि मी फळ्यावर केलेली चूक दाखवली. तिचं बरोबर होतं.

सात आठवडे असे गेले. ती आठव्या रांगेत आली. मग पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचा हंगाम सुरू झाला. एका सकाळी मी आले तर चौकटी अंगणात फेकलेल्या, त्यातल्या दोन चौकटींतून वाख बाहेर लोंबत होता. भिंतीवर चकचकीत टाइल्स बसवणं चालू होतं. त्यावर काचेच्या फ्रेममध्ये पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागणार होते.

"सर, हे कुणी काढलं?"

"मी. पालक येणार आहेत, मॅडम. गोणपाट बघून त्यांना आडतीचं दुकान वाटंल. तुमचे वडील दोर वळतात, म्हणून आम्ही क्लासात टांगायचं का?"

अण्णा माझ्या मागेच उभे होते. सैल झालेली एक चौकट बसवायला आले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, घुमणं कमी झालतं का न्हाई?"

मालक टाइल्स बघायला आत गेले. अण्णांनी चौकटी गोळा करायला घेतल्या. मी आत गेले आणि अडीचशे पोरांसमोर मालकाकडे बोट दाखवून म्हणाले, "मागच्यांनो, तुम्ही ढ नाही आहात. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ते या माणसाला माहीत आहे." त्याच दिवशी मला काढलं.

चौकटी अण्णांनी टेम्पोत घालून आमच्या नव्या गावातल्या बालवाडीत लावल्या. मी नांदेडला आले, इथल्या एका शाळेत लागले. देवणीच्या मुलीचा मेडिकलचा प्रवेश थोडक्या मार्कांनी हुकला. ते सात आठवडे संपूर्ण वर्ष असते तर तिला मिळाला असता का, मला माहीत नाही. तो हुकल्याचं दुःख तिनं पचवलं असेल. मी नाही पचवलं.

काही वर्षांनी त्या क्लासची पाच मजली इमारत झाली. जाहिरातीत छापलं होतं, "परदेशी तंत्राचे ध्वनिशोषक वर्ग." मी मुद्दाम बघायला गेले. भिंतीवर कापडानं मढवलेल्या सुबक पाट्या होत्या. एकीची कड मी नखानं उचकटली. आत ताग होता, अण्णांच्या वाखासारखाच पिंजून भरलेला. बाजूला उभा असलेला शिपाई म्हणाला, "बाई, हात नका लावू, लई महागाचं हाय."

मी पाटीचा कोपरा आणखी फाडला आणि बाहेर पडले.