चादरीचं दुसरं टोक

वहिनीचा स्वभाव मुळातच शंकेखोर. फळवाल्याने एखादं फळ वर घातलं, तर घरी येऊन ती आधी तेच चिरून बघायची. मुलीने न सांगता भांडी घासली की 'काय फोडलंस?' असं विचारायची. नवऱ्याने तर बिचाऱ्याने कौतुक करणंच सोडलं होतं. केलं की चौकशी व्हायची.

त्यात नोकरी मिळाली हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आणि जोडीला फौजदार. या बाईला दुसरं काही नाव असेल असं तिथे कोणाला वाटतच नसे. मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात. समोरासमोर उभं राहून दोन-दोन टोकं धरायची, चादर ताणायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. फौजदार ताणताना असा हिसका द्यायची की समोरची तोंडघशी पडे. सगळी लॉन्ड्री खो खो हसायची. न हसणारीचा नंबर उद्या लागायचा, म्हणून अगदी मनापासून हसायची. वहिनी यातून एकच शिकली होती: टाचा रोवायच्या, भार मागे टाकायचा आणि हिसक्याची वाट बघायची. किती वर्षं ती अशी उभी होती, देव जाणे.

एका सकाळी हिसका आलाच नाही. वहिनीने सवयीने अंग मागे टाकलं, समोरून चादर अलगद सुटली आणि ती थेट ओल्या कपड्यांच्या ट्रॉलीत जाऊन बसली. बायका हसल्या. फौजदार हसली नाही. उलट डावा हात पुढे करून तिने वहिनीला उठवलं आणि लागलं का, असं विचारलं.

वहिनी लगेच सावध झाली. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. दुपारी फौजदारने स्वतः चहा आणून दिला. वहिनीने तो हुंगला, खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला आणि बेसिनमध्ये ओतला. घरी निघताना पिशवी उलटी करून झटकली, चपला आपटून बघितल्या. काहीच निघालं नाही, तेव्हा तर तिची खात्रीच पटली की डाव मोठा आहे.

डाव सापडला तो कपडे बदलायच्या खोलीत. दार अर्धवट उघडं होतं. फौजदार एकटीच होती. तिचा उजवा हात खांद्यातून वर जात नव्हता. दातांत बाही धरून ती कोटात हात घालायची धडपड करत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणजे वहिनीची शंका उगाच नव्हती. ही माया कसली, जोडीदारणीने आपल्याला उघडं पाडू नये म्हणून लावलेलं लोणी होतं. कारण सुपरवायझर दुसऱ्या दिवशी काम बघायला येणार होते, आणि ज्यांना काम झेपत नाही त्यांना घरी पाठवणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी वहिनी भलतीच खूश होती. फक्त एक हिसका. त्यात पाप केल्यासारखंही काही नाही, चादर ताणायचीच असते. ती भाजी चिरताना गुणगुणायला लागली, तेव्हा नवऱ्याने घाबरून तब्येत विचारली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर येऊन उभे राहिले. चादर उलगडली. फौजदारने समोरून वहिनीकडे पाहिलं, ओठ आवळून, मान खांद्यात घालून. तो चेहरा वहिनीच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो तिचा स्वतःचा होता. तिला फौजदारची दया आली, आणि ती आली म्हणून स्वतःचाच राग आला. पण हातांनी चादर ओढली नाही. ती झपझप पुढे गेली, फौजदारची टोकं कमरेपाशीच आपल्या हातात घेतली आणि घडी पुरी केली. सुपरवायझर दोघींना छान म्हणून पुढे गेले.

"काय हवंय तुला?" फौजदारने दबक्या आवाजात विचारलं.

"काही नाही."

"असं कसं काही नाही? मी तुझ्या जागी असते तर ओढली असती."

"ठाऊक आहे. पुढची घे."

फौजदारने पुढची चादर उचलली. वहिनीवरची नजर न काढता तिने टोकं घट्ट धरली, अंग मागे टाकलं आणि टाचा रोवल्या.

वहिनी आपली टोकं सैल धरून सावकाश तिच्याकडे चालत गेली.