सोबतीचे तीनशे रुपये

मागच्या नोव्हेंबरची दहा तारीख, सोमवार. रक्कम पाच हजार, रोख. हजर चौघे: मी, माझी मुलगी, तिचा मामा आणि बीडच्या एका खासगी दवाखान्याचे डॉक्टर. मी नोटा मोजून टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी त्या न मोजता ड्रॉवरमध्ये टाकल्या. न मोजता पैसे घेणाऱ्या माणसाचा मला कधीच भरवसा वाटला नाही.

मी पावती मागितली, तर मेहुणा माझ्यावरच डाफरला. "दाजी, घरचा माणूस हाय. पावती कावून मागताय?"

मुलीला नीटमध्ये मार्क कमी पडले होते. जानेवारीपासून लातूरच्या क्लासला जायचं, पुन्हा परीक्षा द्यायची, असा तिचा हट्ट. राहण्या-जेवणासकट पासष्ट हजार. माझं नेकनूरला खत-बियाण्यांचं दुकान आहे. नवं बियाणं मी मूठभर पेरून बघतो, उगवलं तरच पोती मागवतो. तिलाही तेच सांगितलं: आधी एक महिना आजारी माणसाजवळ काढ. टिकलीस तर पैसे भरतो, नाहीतर बी.एस्सी. ती लगेच तयार झाली. मेहुण्याचं मेडिकल त्या दवाखान्याला लागूनच, त्याने डॉक्टरांना गाठलं.

"डिपॉझिट आहे," डॉक्टर म्हणाले. "पोरी येतात, रक्त बघितलं की पळतात. महिना पुरा केला की पैसे परत, वर अनुभवाचं सर्टिफिकेट."

ते सर्टिफिकेट प्रवेशाला कुठेच लागत नाही, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. आणि आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्याला मुकादम उचल देतो, मग तो राबतो. राबणाऱ्यानेच उचल द्यायची, हे मी पहिल्यांदा बघत होतो.

मुलगी सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी परतायची. आज काय केलं, विचारलं की उत्तर एकच: "एका आजीपाशी होते." दुसऱ्या दिवशी आजी, तिसऱ्या दिवशीही आजी. बीपी नाही, ड्रेसिंग नाही. मला वाटायला लागलं, ही खुर्चीवर मोबाईल घेऊन बसते आणि मला आजी सांगते.

अशात दुकानावर फोन आला. लिंबागणेशचं माझं जुनं गिऱ्हाईक, बायकोला घेऊन कोल्हापूरकडे तोडीला गेलेला.

"शेठ, माझ्या आईपाशी तुमचीच पोरगी हाय म्हने. आईनंच सांगितलं. रोजचे तीनशे टाकतोय मी तिच्यासाठी. आठ दिवसाचे गेले. कमी पडले तर सांगा, पर आईला सोडून जाऊ नको म्हनावं."

मी बरं म्हणून फोन ठेवला. आठ दिवसांचे चोवीसशे. घरात एक रुपया आलेला नव्हता.

रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं केलं, "तिकडं पगारबिगार देतात का गं?"

"पगार? पप्पा, चहासुद्धा आपल्या पैशानं प्यावा लागतो."

चेहरा सरळ होता. पण कपाटात नवी साडी असते तेव्हा तिच्या आईचा चेहराही सरळच असतो.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, न सांगता बीड गाठलं. वॉर्डच्या दारातून आत बघितलं. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलेलं. मुलगी तिला कुशीवर वळवून पुसत होती, खाली शौचाचं भांडं.

"हळू गं बये! पोतं हाय का मी?"

"पोतं असतं तर गप पडलं असतं, आजी."

मुलीने नाक मुरडलं नाही. पाठीवर कुठे कातडी लाल झाली का, तेही वाकून बघितलं. वासाने मीच बाहेर व्हरांड्यात आलो.

हात धुऊन ती आली, तेव्हा मी तीनशे रुपयांचं सांगितलं.

"माझ्या नावानं?" तिने म्हातारीचा फोन आणला आणि मुलाला लावला. "दादा, पैसे कोणत्या नंबरवर टाकता?"

त्याने सांगितलेला नंबर दवाखान्याच्या काउंटरवर चिकटवलेला होता.

इकडच्या दवाखान्यांत पहिला प्रश्न "सोबत कोण?" सोबतीला माणूस नसेल तर खाट मिळत नाही. आणि दिवाळीनंतर घरंच्या घरं तोडीला गेलेली असतात. डॉक्टरांनी त्यावर तोड काढली होती. अनुभवाला आलेली पोर खाटेशी बसवायची आणि सोबतीचा आकार लावायचा.

"ही आमची सेवा आहे," केबिनमध्ये गाठल्यावर डॉक्टर म्हणाले. "चार्ज लागतोच."

"सेवा तुमची आन् हात हिचे?"

"तिला अनुभव मिळतोय ना?"

ते खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी पुढे बोलणार, तोच मुलगी म्हणाली, "सर, उद्यापासून मी अनुभवाला येत नाही. आजीची सोबत म्हणून येते. सोबतीला डिपॉझिट नसतं."

"सर्टिफिकेट मिळणार नाही मग."

"नको."

बाहेर मेहुणा म्हणाला, "दाजी, पोरीनं माझं नाक कापलं." त्याला या व्यवहारात काही सुटत होतं का, हे मी अजून शोधतो आहे. पण डिपॉझिट सोडवून आणायला मी त्यालाच पाठवलं, आणि ते आलं.

डिसेंबरच्या मध्यावर म्हातारी वॉकर धरून घरी गेली. मुलगी शेवटपर्यंत होती. निघताना म्हातारी तिला म्हणाली, "डॉक्टरीन झालीस तरी मला सुई तू नको देऊ. हात लई जड हाय तुझा." मुलगी वाटभर हसत होती. माझी अट पुरी झाली होती, आता क्लासबद्दल शंका काढायला मला तोंड नव्हतं.

हिशेब असा: डॉक्टरांकडून मला पाच हजार परत. म्हातारीच्या बिलातून चोवीसशे वजा, ते मी समोर उभं राहून करवून घेतले. आणि दोन जानेवारीला लातूरच्या क्लासला पासष्ट हजार भरले. तिथल्या माणसाने नोटा दोनदा मोजल्या आणि न मागता पावती दिली.