चाळीस पाकिटं

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी बाईंनी चपलेतला खडा झटकला आणि पिशवीत डोकावून पाहिलं. सकाळपासून एवढी पायपीट झाली, पण पिशवी रिकामीच. चाळीस पाकिटं परत आणायची होती आणि एकही हाती लागलं नव्हतं.

शेजारून सायकल हातात धरून सायकलमामा चालले होते. गरजू घरांना धान्य पुरवणाऱ्या संस्थेत सोळा वर्षं ते दारोदार पिशव्या पोचवत आलेले. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. अक्षर मोत्यासारखं, म्हणून दर वर्षी देणगीदारांना आभाराची पत्रं त्याच लिहायच्या. यंदा मोतीबिंदूमुळे वहीतलं बारीक दिसेना, तेव्हा मामांनी नावं वाचायची, बाईंनी पाकिटावर लिहायची, असं ठरलं. आणि मामांनी वही उघडली ती देणाऱ्यांची नव्हे, घेणाऱ्यांची. पत्रं वाटलीही त्यांनीच. देणारे वाट बघत बसले आणि घेणाऱ्यांच्या दारात आभार जाऊन पडले.

संध्याकाळपर्यंत पाकिटं परत आली नाहीत तर मामांनी उद्यापासून कामावर येऊ नये, असं संस्थेच्या सेक्रेटरीबाईंनी सांगून टाकलं होतं.

या गल्लीतल्या पहिल्याच घरी इस्त्रीवाली म्हणाली, की पत्र मुलांच्या दाखल्यांबरोबर ट्रंकेत गेलं, आता ट्रंकेवर कपड्यांचा ढीग आहे. तो ढीग कधी उतरणार, असं बाईंनी विचारलं, तर आमच्या धंद्यात ढीग उतरला म्हणजे उपाशी मरायची वेळ, असं हसून उत्तर आलं.

दुसऱ्या घरी म्हाताऱ्या शिंप्याने पत्र भिंतीला लावलं होतं. सुनेने ते शेजाऱ्यांना वाचून दाखवलेलं. तेव्हापासून ती सासऱ्याला विचारल्याशिवाय काही करत नव्हती. शिंप्याने बाईंना कोपऱ्यात नेलं आणि सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "बाई, तुम्हीच लिहिलंय ना? मग मला एवढं सांगा, मी नक्की काय दिलं?"

 चाळीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेल्या बाईंनी प्यायला पाणी मागितलं, ते प्यायल्या आणि तशाच बाहेर आल्या. सकाळी देवापुढे त्यांनी एवढंच मागितलं होतं, की मामांची नोकरी राहू दे. आता नक्की काय मागायचं, हेच कळेनासं झालं होतं.

शिवाय एक गोष्ट मघापासून डोक्यात घोळत होती. बाईंना ती नावं अनोळखी. पण मामा तर त्याच दारांत दर आठवड्याला उभे राहतात.

"मामा, वाचताना तुमच्या लक्षात आलं नाही?"

"पहिली तीन चुकून वाचली, बाई."

"आणि पुढची सदतीस?"

मामांनी घंटीचं झाकण घट्ट पिळलं. ते सैल नव्हतंच. बाईंना रागवावं की हसावं कळेना.

जरा पुढे गेल्यावर मामा आपणहून बोलू लागले. पूर्वी ते पिठाच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा दोन वर्षं संस्थेची हीच धान्याची पिशवी त्यांच्या घरी यायची. दर वेळी सही करायची, हात जोडायचे. आईने तर पिशवी आणणाऱ्याच्या सायकललाही नमस्कार केला होता. आभार मानून मानून तोंड दुखलं, पण उलट आमच्या दारी कधी कुणी मानले नाहीत, असं ते म्हणाले. मग बाईंच्या पत्रातलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं: तुम्ही आहात म्हणून आमचं काम चालतं.

"यात खोटं काय आहे, तेवढं दाखवा."

बाईंनी मनात वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. खोटं सापडेना, आणि बरोबर म्हणायलाही जीभ रेटेना.

चौथ्या गल्लीच्या कोपऱ्यावर मामांनी सायकल भिंतीला टेकवली.

"सेक्रेटरीबाईंना चूक माझी म्हणून सांगा. पण पुढची दारं वाजवायला मला लावू नका. आणि उद्या देणगीदारांची पत्रं लिहाल तेव्हा ते वाक्य तसंच राहू द्या, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकच. मी कामावर असो-नसो, नावं वाचायला मलाच बोलवा."