न दुखणारी गाठ

बायकांच्या बराकीत तिला सगळ्या जणी शिंपीणच म्हणत. दारूच्या नशेत पोरीवर हात टाकणाऱ्या दिराला तिने कापडाच्या कात्रीने भोसकून मारलं होतं. जन्मठेपेतली नऊ वर्षं सरली होती. पोर आता कमावती झाली होती आणि महिन्यातून एकदा भेटीला यायची. जाळीपलीकडचं ते तोंड बघायचं, एवढ्यावर शिंपीण महिना काढायची.

छातीची तपासणी स्वतःच कशी करायची, हे शिकवायला नर्सताई तुरुंगात येऊ लागल्या, तेव्हा बायका फिदीफिदी हसल्या. शिंपीण मात्र पुढे सरकून बसली. अस्तराखालची दोऱ्याची गाठ डोळे मिटून शोधणारी तिची बोटं. महिनाभरात ती इतर जणींना शिकवायला लागली, आणि तेव्हाच तिला स्वतःच्या डाव्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ लागली.

नर्सताईंची चिठ्ठी जेलरबाईंनी वाचून बाजूला सारली.

"वर्ग काय सुरू झाले, सगळ्यांना दुखणी सुचायला लागली. बाहेरची हवा खायचीय का गं?"

"बाई, दुखत नाहीये. म्हणूनच भीती वाटतेय. न दुखणारी गाठच जास्त वाईट, असं नर्सताई म्हणतात."

"दुखत नाही ना? मग झालं तर!"

दवाखान्याची तारीख पाचदा पडली, पाचदा हुकली. कधी गाडी नाही, कधी सोबतीला पोलीस नाहीत. आठव्या महिन्यात नेलं, ते हात खाटेला बेडीने अडकवूनच तपासलं.

"काखेत पसरलंय, फुप्फुसातही," डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस झोपली होतीस का?"



त्यानंतर वर्गाला कुणी बसेना. "शिकून हिचं काय भलं झालं?" एक म्हातारी कैदीण सगळ्यांदेखत म्हणाली. "त्यापेक्षा न कळता मेलेलं बरं."

अशात नवीन आलेली एक तरुण बाई रडतच शिंपिणीकडे आली. तिलाही गाठ लागली होती. हिला दवाखान्यात नेईपर्यंत कुणी जेवायचं नाही, म्हणून शिंपिणीने धाप लागत असताना बराकभर फिरून एकेकीची समजूत घातली. दोन दिवस ताटं तशीच परत गेली. तिसऱ्या दिवशी गाडी आली. त्या बाईची गाठ साधीच निघाली.

"फुकटचा तमाशा!" जेलरबाई कडाडल्या, आणि शिंपिणीच्या भेटी तीन महिने बंद केल्या.

दुसऱ्याच महिन्यात ती गेली. चार दिवसांनी लेक फाटकाशी आली. शिपायाने वही उघडून बोट फिरवलं.

"भेट बंद आहे अजून. दोन महिन्यांनी ये."

आई गेल्याचं पत्र जुन्या पत्त्यावर, त्या मेलेल्या दिराच्या घरी गेलं होतं.