पूल गेला तो गेलाच

शाळेच्या गणवेशांचं काम मार्चपासून जुलैपर्यंत मान वर करू देत नाही. त्यानंतर सात रस्त्याजवळच्या आमच्या कारखान्यात निम्म्या मशिनी झाकलेल्या असतात आणि दुपारची मी बिलांच्या कॉम्प्युटरसमोर रिकामी असते. त्या कॉम्प्युटरवर माझ्या मुलीने इंजिनिअरिंगला जाण्याआधी एक खेळ घालून ठेवला होता. राज्य चालवायचा खेळ. नकाशावर आपली चार गावं असतात, आजूबाजूला दुसऱ्यांची राज्यं. धान्य पिकवायचं, विहिरी खणायच्या, सैन्य ठेवायचं, शेजाऱ्याशी तह करायचा नाहीतर लढायचं. एक खेळी केली की एक ऋतू पुढे सरकतो.

पन्नाशीला आलेल्या बाईने हे खेळावं का, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्या नवऱ्याला पडला. बँकेतून घरी जाताना तो कारखान्यात डोकावायचा.

"अगं, त्यापेक्षा पत्ते खेळ. हे काय पोरासोरांचं?"

"पत्त्यांत ज्वारी पिकत नाही," मी म्हणायचे.

खरं सांगायचं तर मला ते चांगलं जमायचं. कापड कधी मागवायचं, कोणत्या आठवड्यात कुणालाच सुट्टी द्यायची नाही, कोणत्या शाळेच्या गोड बोलण्यावर विसंबायचं नाही, हे मी इतकी वर्षं करतच आले होते. तिथेही तेच होतं. फक्त तिथल्या गिऱ्हाइकांच्या हातात भाले होते.

लिहायला लागले ते माझ्या धाकट्या जावेमुळे. ती अक्कलकोटकडची. शुक्रवार पेठेतल्या आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते आणि कारखान्यात काजं-बटणं आणि पॅकिंग बघते. डबा खाताना ती माझ्या राज्याची हकिगत विचारायची. मग ती महिनाभर माहेरी गेली आणि तिथून फोनवर म्हणाली, "अक्का, पुढं काय झालं ते लिहून पाठव की."

मी लिहून पाठवलं. पहिला ऋतू, दोन विहिरी खणल्या. दुसरा ऋतू, कोठार बांधलं. तिसरा ऋतू, पन्नास भालेकरी ठेवले. असं दोन पानं भरून. तिचं उत्तर आवाजातच आलं.

"अक्का, ही गोष्ट न्हाय, ही कापडाची ऑर्डर हाय. त्या हिरीचं पाणी कुणी प्यालं ते सांग की! मला लई झोप आली वाचून."

राग आला. पण परत वाचलं तेव्हा मलाही जांभई आली.

खेळ नुसते आकडे दाखवतो. विहिरीवर कोण आलं, हे तो सांगत नाही. ते मलाच आणावं लागणार होतं. मग मी कोठारावर एक म्हातारी बसवली. गुडघा दुखणारी, किल्ली कमरेला बांधून झोपणारी, राणीलासुद्धा दोनदा विचारून मग दार उघडणारी. ती आली आणि धान्याच्या आकड्याकडे बघायला एक माणूस मिळालं. आधी मी काहीच न घडलेले दहा ऋतूही एकेक करून लिहीत होते. आता 'दहा ऋतू बरे गेले' एवढं म्हणून पुढे जायला लागले. जिथे माझं चुकलं तिथे मात्र सावकाश लिहायचे, कारण मी जिंकत सुटले की जाऊबाई नुसता अंगठा पाठवायची आणि चुकले की लगेच फोन करायची.

दोन गोष्टी मी पक्क्या ठरवल्या होत्या. खेळात जे घडलं तेच लिहायचं. उपासमारीत खेळाने चाळीस माणसं नेली तर मी तीस लिहायची नाहीत. ती चाळीस कोण होती, तेवढं माझ्या हातात. दुसरी गोष्ट, मागे फिरायचं नाही. या खेळात डाव कुठल्याही टप्प्यावर साठवून ठेवता येतो, आणि पुढे बिघडला तर जुना उघडून तिथून परत खेळता येतो. बहुतेक लोक तसंच खेळतात, मुलगीही तसंच खेळायची. मी आयुष्यभर कापडावर कात्री चालवत आले आहे. माप चुकलं तर ते चुकलेलं कापड समोर घेऊनच पुढचा विचार करावा लागतो. मला दुसऱ्या तऱ्हेने खेळायला मजा येईना.

जावेने माझे भाग वाचनालयातल्या बायकांच्या वाचक गटाला पाठवले. शनिवारी दुपारी पंधरा-वीस जणी जमतात, मीही कधीमधी जायचे. तिथे पुस्तकं बाजूला राहिली आणि माझ्या राज्यावरून भांडणं सुरू झाली. एका शिक्षिकेला म्हातारीचा संशय होता, ती धान्य लपवते म्हणून. दुसरी म्हणायची, राणीने शेजारच्या राजाशी तह केलाच का, त्याचं तोंड बघूनच कळत नाही का? तोंड बघायला तो नकाशावरचा एक लाल ठिपका होता.

मग तो पूल आला.

माझ्या राज्याच्या पूर्वेला नदी होती आणि नदीवर एकच पूल. पलीकडे हाच बलाढ्य राजा. तह होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याने तो पाळला होता. त्या वर्षी पावसाने दगा दिला, कोठार तळाला गेलं, आणि पीक जेमतेम हाताशी आलं तर कापायला माणसं कमी पडली. मी पुलावरची शंभर माणसं काढली आणि शेतात लावली. जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर मी पॅकिंगच्या बायका उठवून शिलाईवर बसवते, तसंच. कारखान्यात ते दर वर्षी चालतं.

इथे चाललं नाही. त्याच ऋतूत तो पूल ओलांडून आला. पुलामागून कोठार गेलं, चारही गावं गेली. पडद्यावर 'तुमचं राज्य संपलं' असं आलं आणि नगारे वाजले. मी कॉम्प्युटर बंद केला, एका शाळेच्या स्वेटरचा हिशेब संपवला आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा भाग लिहिला. त्यात म्हातारी कोठाराची किल्ली नदीत टाकते. ते माझ्या मनाचं. बाकी जसं झालं तसं.

तो भाग गटाला गेलाच नाही. माणसं पुलावरून उतरून शेतात गेली, इथपर्यंतच बायकांनी वाचलं होतं. गटाच्या प्रमुख मॅडम कॉलेजातून निवृत्त झालेल्या, मराठी शिकवायच्या. दर वर्षी गटाचा छोटा दिवाळी अंक त्याच काढतात. त्यांनी फोन करून सांगितलं, "शेवट अंकासाठी राखून ठेवा. सगळी गोष्ट एकत्र छापू." मला आनंद झाला, तो लपवण्याचं कारण नाही. छापून यावं असं मी आजवर एक जाहिरात सोडली तर काही लिहिलं नव्हतं. अंकाला आमच्या कारखान्याची ती जाहिरात मी दर वर्षी देते.

शेवट वाचून त्यांनी मला वाचनालयात बोलावलं.

"लिहिता तुम्ही छान. पण दोन बदल करू या. खेळाचा उल्लेख काढा, लोक हसतील. नुसतं काल्पनिक राज्य म्हणा. आणि राणी जिंकू दे."

"ती हरली, मॅडम."

"अहो, लिहिणाऱ्या तुम्हीच ना? लिहा जिंकली म्हणून. दिवाळीत घरोघरी बायका वाचणार. एका बाईचं राज्य बुडालं, हे कशाला?"

"मी खेळले, हरले, आणि मग लिहिलं. आधी लिहून मग हरले नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मी नातवाला विचारलं. जुना डाव उघडून परत खेळता येतो म्हणे. मग पुलावर माणसं ठेवा, जिंका, आणि तसं लिहा. तुमचा खरेपणाही राहील."

हे त्यांनी चांगलंच शोधून काढलं होतं.

"येतो. पण मी नाही उघडणार."

"का पण?"

का ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगते. तो निर्णय मी झोपेत घेतला नव्हता. उपाशी गावं आणि ओस पूल यांतून मी गावं निवडली होती, आणि माझा अंदाज चुकला. राणी जिंकली तर ती चूक चूकच राहत नाही, मग त्या शंभर माणसांबद्दल महिनाभर भांडलेल्या बायकांनी कशासाठी भांडायचं? आणि बाई हरलेली बायकांना सोसणार नाही, हे कुणी ठरवलं? त्या गटातल्या निम्म्या जणींनी नोकऱ्या, घरं, माणसं गमावून परत उभं राहून दाखवलं आहे. नकाशावरचं राज्य गेल्याने त्यांना चक्कर येणार नव्हती.

घरी नवरा म्हणाला, "दोन ओळी बदल की. तुझं नाव छापून येईल."

"जिने पूल सोडला तिचं नाव माझं आहे. न सोडणारी कुणी दुसरी असेल, तिचं छापा."

जाऊ जिन्यात उभी राहून ऐकत होती. "बदललंस तर मी वाचणार न्हाय, अक्का. म्हातारीनं किल्ली नदीत टाकली की. आता ती काय पोहत माघारी येणार हाय का?"

मी मॅडमना निरोप पाठवला, 'कथा देत नाही. जाहिरात ठेवा.'

अंकाचं प्रकाशन वाचनालयाच्या हॉलमध्ये झालं. अंक हातात आले तसं मी पान काढून पाहिलं. माझी गोष्ट यायची होती तिथे माझीच जाहिरात होती, पानभर. सर्व शाळांचे गणवेश, टाय, बेल्ट, मोजे. शेजारी बसलेल्या जावेला हसू आवरेना.

भाषणं संपली आणि म्हातारीवर संशय घेणारी ती शिक्षिका उठली. "मॅडम, सगळा अंक उलटला. पुलाचं काय झालं ते कुठंय?"

मागून दोघी-तिघी बोलल्या, "व्हय की, आमी पण तेच शोधतोय."

मॅडम माईकवर म्हणाल्या, "ती कथा अजून पूर्ण झालेली नाही."

ते मला सहन झालं नाही. कथा छापली नाही, एवढंच म्हणाल्या असत्या तर मी गप्प बसले असते. मी उभी राहिले. "पूर्ण आहे. माझ्या फोनमध्ये आहे. वाचू का?"

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. त्या नको म्हणायच्या आत जाऊ ओरडली, "वाच की!"

आधी मी सांगितलं की हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे आणि मी तो कारखान्यात बसून खेळते. दोघीजणी हसल्या. हसू दिलं. मग वाचलं. माझा आवाज गोड नाही, मशिनींच्या आवाजात बोलून बोलून तो तसा झाला आहे. पूल गेला, कोठार गेलं, म्हातारीने किल्ली पाण्यात टाकली. राज्य संपलं इथे मी थांबले आणि फोन पर्समध्ये टाकला.

मग तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "निम्मी तरी ठेवायची होतीस गं पुलावर!" दुसरी तिच्यावर तुटून पडली, "आणि पीक कुणी कापायचं, तुझ्या सासूनं?" एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. ती शिक्षिका शेजारणीला परत परत सांगत होती, 'म्हातारीवर मी उगाच संशय घेतला.'

"चहा थंड होतोय," मॅडम म्हणाल्या. मला त्यांनी स्वतः आणून दिला नाही, पण कप माझ्याकडे सरकवला.

दिवाळीनंतर कारखान्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. अंकातली जाहिरात बघून नंबर घेतला, पुढच्या वर्षीचे गणवेश शिवायचे आहेत, म्हणाल्या. कापड, रंग, किती मुलं, सगळं बोलून झालं. फोन ठेवता ठेवता त्या थांबल्या.

"मी त्या दिवशी हॉलमध्ये मागे बसले होते. एक विचारू? पुलाच्या आधीचा तो डाव तुमच्याकडे अजून आहे का?"

"आहे."

"मग?"

"मग काय. मुलांची मापं घ्यायला माणूस कधी पाठवू, ते सांगा."